बैलाच्या श्रमाचं नाही, मग कुणाच्या?

ऋषिपंचमीला आमच्या घरात बैलाच्या श्रमाचं काही शिजत नाही. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आघाड्याच्या काडीने दात घासून, अंघोळ करून परड्यात उतरतात. अळूची पानं, लाल माठ, दोडका, पडवळ, चार भेंड्या, कुंपणावर चढलेला भोपळा, कडेला टोकलेल्या मक्याची कोवळी कणसं. कुदळीने उकरून, हाताने लावून जे आलं तेवढंच घ्यायचं. नांगर फिरलेल्या रानातलं पानही त्या दिवशी नको. फोडणी नाही, मसाला नाही. चिंचेचा कोळ, मीठ, हिरवी मिरची आणि वरून ओलं खोबरं, ही झाली ऋषीची भाजी. त्यांच्या लहानपणी तळ्याच्या कडेला आपोआप उगवणारा देवभात गोळा करून त्याचा भात व्हायचा. आता तो आमच्याकडे मिळत नाही, म्हणून भगर.

२०२२ च्या ऋषिपंचमीला आठवडाभर पाऊस लागून राहिला होता आणि परड्यातला माठ सडून गेला होता. मी शेडमधून पालकाच्या दोन जुड्या आणल्या. आमचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस आहे आणि त्यात आम्ही मातीविना, पाण्यावर पालेभाज्या घेतो. मी म्हटलं, "आत्याबाई, याला बैल तर नाहीच, माती पण लागली नाही. याच्याइतकी शुद्ध ऋषीची भाजी दुसरी कुठली?" त्यांनी एक जुडी हातात घेतली. आमच्या जुडीला मुळं तशीच ठेवलेली असतात, पांढरीशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखी. त्यांनी ती मुळं बोटांत धरून पाहिली, एक देठ मोडून वास घेतला आणि विचारलं, "बैलाच्या नाही म्हणतेस, मग कुणाच्या कष्टाची आहे?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. जुडी ओट्यावर तशीच राहिली, भाजीत पडली नाही.

मी वीस वर्षं एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. रोजमेळ, खतावणी, ताळेबंद यांतच माझं आयुष्य गेलं. कुणाचं किती देणं आहे हे सांगता न येणं माझ्या स्वभावात बसत नाही. म्हणून त्या रात्री मी शेडची वही काढली आणि एका जुडीचा हिशेब मांडायला बसले.

आमच्या मावळात पॉलिहाउस नवीन नाहीत. गुलाब आणि जरबेरा यांच्यासाठी तळेगावच्या आसपास कितीतरी शेड उभ्या राहिल्या, त्यातलीच आमची एक. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि तोडलेली फुलं बांधावर ओतावी लागली. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. पुतण्या बीएस्सी ॲग्री झालेला, तो म्हणाला, "काकू, फूल नाही विकलं तर फेकावं लागतं, भाजी निदान खाता तरी येते." २०२१ मध्ये आम्ही आणखी कर्ज काढून शेडमध्ये कमरेच्या उंचीवर प्लास्टिकचे चॅनेल बसवले. चॅनेलला थोडा उतार असतो, वरच्या टोकाला पाणी सोडलं की पातळ ओघळ होऊन मुळांखालून जातं आणि खालच्या टाकीत परत येतं. तेच पाणी पुन्हा वर. रोप कोकोपीटच्या वडीत, वडी नेटकपात, नेटकप चॅनेलच्या भोकात. निम्म्यात लेट्यूस, बाकीच्यात पालक, पॉकचॉय आणि थोडी तुळस, तीही परदेशी जातीची.

पाव किलोच्या पालकाच्या जुडीमागे माझा खर्च त्या वेळी २६ रुपये येत होता. मजुरी ८, कर्जाचा हप्ता आणि घसारा मिळून ६, पॅकिंग आणि गाडी ५, वीज ४, खत २, बी १. त्याच दिवशी गावच्या बाजारात पालकाची जुडी १५ रुपयांना होती आणि पिकवणाऱ्याच्या हातात त्यातले पाच-सहा पडत होते. पतसंस्थेच्या सवयीने मी पहिल्यांदा माझ्याच आकड्यांवर संशय घेतला. कुठे चूक झाली? पण बेरीज बरोबर होती. मग मी दुसरीकडून विचार केला. माझी जुडी २६ ला का पडते हे सोडून, बाजारातली १५ ला कशी मिळते ते पाहू लागले.

आमच्या बांधाला लागून एक शेतकरी मेथी, पालक, कोथिंबीर घेतो. नवरा-बायको आणि म्हातारी आई अशी तिघं पहाटे दोनला काढलेली भाजी टेम्पोत भरतात, पुण्याच्या मार्केट यार्डात उजाडायच्या आत पोचवतात. त्या तिघांची मजुरी कुठल्याही वहीत लिहिलेली नाही. पुढे २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली, त्यामुळे आता पाणी उपसण्याचं बिलही नाही. माझ्या शेडचं मीटर वेगळं, तिथे युनिटमागे पैसे मोजावे लागतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्याच्या जुडीसाठी माती जे काम करते त्याचं बिल कुणीच पाठवत नाही. पालापाचोळा कुजवणं, नत्र धरून ठेवणं, पाणी साठवणं, मुळांना धीराने थोडं थोडं देत राहणं. माझ्या शेडमध्ये मी मातीला रजा दिली आणि तिची ती सगळी कामं एकेक करून विकत घेतली. म्हणून माझी जुडी महाग.

मातीचं काम किती मोठं आहे हे मला २०२३ च्या मे महिन्यात एका दुपारी कळलं. वीज गेली. अशा वेळी इन्व्हर्टरवरचा छोटा पंप आपोआप सुरू व्हायला हवा, तो झाला नाही. पुतण्या पुण्याला माल द्यायला गेलेला, मी घरी जेवायला बसलेली. दीड तासाने शेडमध्ये गेले तर पालक असा मान टाकून पडलेला की कुणी उकळतं पाणी ओतलंय असं वाटावं. मी एक नेटकप उचलला. सकाळी ओली, पांढरी असलेली मुळं चॅनेलच्या तळाला चिकटून सुतळीसारखी कोरडी झाली होती. बादलीने पाणी ओतत सुटले. लेट्यूस काही वाचला. पालकाच्या दोन ओळी गेल्या, आणि जो वाचला त्याची मुळं पुढच्या चार दिवसांत तपकिरी पडून सडली, कारण टाकीतलं पाणी तापलं होतं आणि तापलेल्या पाण्यात कुज फार लवकर धरते. बांधापलीकडे त्या शेतकऱ्याचा पालक त्याच उन्हात उभा होता. त्याचा पंपही तेव्हा बंदच होता. त्याला दोन दिवसांपूर्वी पाणी दिलेलं होतं आणि अजून दोन दिवस चाललं असतं.

पतसंस्थेत आम्ही थकलेल्या कर्जदाराला मुदत द्यायचो. माती शेतकऱ्याला तशी मुदत देते. वीज गेली, मजूर आला नाही, खत टाकायला उशीर झाला, तरी ती आपल्या पोटातलं काढून पिकाला जगवत राहते. पाण्यावरच्या शेतीत मुदत नाही. एक तास चुकला की वसुली.

त्या दिवसानंतर मी आत्याबाईंना ऋषिपंचमीची कहाणी पुन्हा नीट सांगायला लावली. लहानपणापासून ऐकत आले होते, पण तिच्यातल्या बैलाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. कहाणी अशी. एक ब्राह्मण शेती करायचा. बायकोच्या विटाळाचा दोष घराला लागला म्हणून ती पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि तो बैल झाला, आणि दोघंही आपल्याच मुलाच्या घरी आले. मुलगा बापाचं श्राद्ध घालतो. सापाने खिरीत गरळ टाकलेली कुत्रीने पाहिली, ब्राह्मण मरू नयेत म्हणून तिने खिरीच्या भांड्यात तोंड घातलं, तर सुनेने तिला मारलं आणि उपाशी ठेवलं. रात्री ती गोठ्यात बैलाकडे येऊन रडते. बैल म्हणतो, मीही आज दिवसभर औताला होतो आणि पोटात काही नाही. मुलगा ते ऐकतो. ज्याच्या नावाने जेवण घातलं, तोच बाप गोठ्यात उपाशी उभा आहे हे त्याला कळतं. मग तो ऋषींकडे जातो आणि त्यांनी सांगितलेलं हे व्रत करतो.

विटाळाचा भाग मी मानत नाही. बाईच्या शरीराच्या साध्या धर्माला दोष म्हणणं चूक आहे आणि तेवढ्यापुरती ती कहाणी सोडून द्यावी असं मी माझ्या मुलीला स्पष्ट सांगितलं आहे. पण बैलाची गोष्ट मला सोडता येत नाही. ज्याच्या श्रमावर आपण जेवतो तो आपला बाप असू शकतो, आणि आपल्याला ते ठाऊक नसतं. देवाधर्माच्या नावाने आपण ज्याला नैवेद्य दाखवतो आणि ज्याला राबवतो, ते दोघं एकच असू शकतात. श्रमाबद्दल याहून कठोर काही मी कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं नाही, आणि बीकॉमला मी ती पुस्तकं मन लावून वाचली होती.

ब्राह्मण जन्माला येतो तोच देव, ऋषी आणि पितर यांचं ऋण घेऊन, हा विचार तैत्तिरीय संहितेत आहे. शतपथ ब्राह्मणात ते जन्मणाऱ्या प्रत्येकाचं आहे आणि त्यात चौथं, माणसांचं ऋण मिळवलेलं आहे. हिशेबनिसाला हे चटकन समजतं. वही उघडताना पहिल्या ओळीत आरंभीची बाकी लिहायची असते, ती मागच्या पानावरून येते. तुम्ही सही करून उचललेलं कर्ज ते नाही, तरी ते तुमच्याच नावे आहे. माझ्या जुडीची आरंभीची बाकी मी कधी लिहिलीच नव्हती. २६ रुपयांचा हिशेब मी जिथून सुरू केला, तिथे खरं तर अर्धी वही आधीच भरलेली होती.

मग मी एकेक खातं मागे नेऊ लागले.

खताचे २ रुपये. शेडच्या कोपऱ्यात दोन पिंप आहेत. एकात कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, दुसऱ्यात पोटॅश, फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि बाकीची चिमूटचिमूट द्रव्यं. दोन्ही दाट द्रावणं कधी एकत्र करायची नाहीत. कॅल्शियम फॉस्फेटला आणि सल्फेटला भेटला की पांढरा साका बसतो आणि मुळाला काहीच मिळत नाही. मोठ्या टाकीत भरपूर पाण्यात दोन्ही थोडंथोडं सोडायचं, ईसी मीटर बुडवून क्षार मोजायचे, पीएच सहाच्या जवळ ठेवायचा. हे मी रोज सकाळी सहाला करते. यातला नत्र हवेतून ओढून काढायची रीत फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली करून दाखवली आणि कार्ल बॉशने १९१३ मध्ये तिचा कारखाना उभा केला. त्याला लागणारा हायड्रोजन आजही बहुतेक नैसर्गिक वायूतून येतो. पोटॅश आपल्या देशात निघत नाही, तो कॅनडा, रशिया, बेलारूसच्या खाणींतून येतो. फॉस्फेटचा दगड बराचसा मोरोक्को आणि जॉर्डनचा. म्हणजे मातीविना म्हणून मी जी भाजी आत्याबाईंपुढे धरली होती, तिच्यात पाच देशांची जमीन उकरलेली होती.

विजेचे ४ रुपये. इथे मला फार वेळ थांबावं लागलं. आत्याबाईंच्या आईचं माहेर मुळशी पेट्यातलं. ते गाव आज पाण्याखाली आहे. मुळशीचं धरण बांधून पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचं आणि तिथे मुंबईसाठी वीज करायची, असा तो टाटांचा प्रकल्प होता. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि त्याचं पुढारपण करताना पांडुरंग महादेव बापट सेनापती बापट झाले. सत्याग्रह हरला, धरण झालं, भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. आत्याबाईंची आई सांगायची की त्यांचं भाताचं खाचर गावात सगळ्यात खोल होतं, म्हणून ते सगळ्यात आधी बुडालं. माझ्या पंपाला येणारी वीज नेमकी कुठली हे सांगता येत नाही. चंद्रपूरच्या कोळशाची, कोयनेच्या पाण्याची, भिऱ्याची, सगळी एकाच जाळ्यात फिरते. पण त्यातला काही अंश तरी कुणाच्या तरी बुडालेल्या रानातून आलेला आहे. मातीला रजा दिली असं मी म्हणत होते आणि तारेतून तीच माती माझ्या पंपाला फिरवत होती.

हे मी आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "मग तेव्हाच बोलले ना मी तुला?"

सूर्य तेवढा आम्हाला अजून फुकट आहे. परदेशात काही मोठ्या कंपन्यांनी बंद इमारतीत, दिव्यांच्या उजेडात पालेभाज्या घेतल्या. अमेरिकेतल्या एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बोअरी ही दुसरी कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. कारणं अनेक असतील, पण सूर्याच्या कामाचं बिल भरायला घेतलं तर लेट्यूसच्या एका गड्ड्याने ते भरून निघत नाही, हे माझ्यासारख्या छोट्या धंद्यातल्या बाईलाही दिसतं.

शुद्धतेचा प्रश्न आणखी एका बाजूने आला. चिंचवडच्या एका सोसायटीत माझी काही जैन गिऱ्हाइकं आहेत. चातुर्मासात त्या घरांत पालेभाजी होत नाही, पावसाळ्यात पानांवर बारीक जीव असतात म्हणून. त्यांतल्या एका ताईंनी फोनवर विचारलं, तुमच्या भाजीत किडा नसतो, माती नसते, मग ही चालेल का? विक्रीचे चार महिने वाढणार होते. पण माझ्या शेडमध्ये चॅनेलवर पिवळे चिकट सापळे टांगलेले आहेत. आठवड्याने सापळा बदलते तेव्हा तो पांढऱ्या माश्यांनी आणि फुलकिड्यांनी इतका भरलेला असतो की मूळचा पिवळा रंग दिसत नाही. मी त्यांना ते सांगितलं आणि म्हटलं, ताई, तुमच्या महाराजसाहेबांना विचारा. त्यांनी विचारलं असेल की नाही ठाऊक नाही. चातुर्मासात त्यांनी भाजी घेतली नाही, दिवाळीनंतर परत सुरू केली.

माझ्या शेडची मी निंदा करते आहे असं कुणी समजू नये. माझं त्या जागेवर प्रेम आहे. पाणी फिरून वापरल्याने दिवसाला अडीच हजार लिटरमध्ये माझं अख्खं शेड भागतं. मोकळ्या रानात एवढ्या भाजीला याच्या कितीतरी पट लागलं असतं. चॅनेल कमरेएवढे उंच असल्याने बायांना दिवसभर वाकावं लागत नाही, आणि जिने उभ्या आयुष्यात भातलावणी केली आहे तिला विचारा याची किंमत काय ते. सकाळी सहाला पाण्याची ती बारीक झुळझुळ ऐकत मी ओळींमधून फिरते तेव्हा मला अरणचे सावता माळी आठवतात. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, त्यांचा देव त्यांच्या भाजीत होता. आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते असं आमच्या दिंडीतले लोक सांगतात. देव पालकात असेल तर तो माझ्याही पालकात आहे. अन्न हे ब्रह्म आहे असं भृगूला तपातून पहिल्यांदा उमगलं, असं तैत्तिरीय उपनिषदात आहे, आणि तिथे अन्न मातीतलं की पाण्यातलं असा भेद नाही. उलट अन्नाला नावं ठेवू नयेत आणि ते पुष्कळ करावं असा तिथला आग्रह आहे.

म्हणून माझा पालक अन्न आहे का, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो त्या एका दिवसाच्या अटीचा.

विनोबांनी ही अट फार गांभीर्याने घेतली होती. १९५० च्या सुमारास पवनार आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाशिवाय जगायचं, आणि शेती करायची ती बैलांशिवाय, कुदळ-फावड्याने. तिला ते ऋषिशेती म्हणत. विहिरीवरचा रहाट बैलांच्या जागी आश्रमातली माणसं स्वतः फिरवत. मला यातलं पैसा आणि बैल यांचं एकत्र येणं महत्त्वाचं वाटतं. पैसा दिला की माणसाला वाटतं की देणं संपलं. बैलाला तर पैसाही देता येत नाही, त्याला वैरण घालतात आणि पोळ्याला शिंगं रंगवतात. विनोबांनी दोन्ही वाटा बंद केल्या. कुणाकडून फुकट घ्यायचं नाही आणि पैसे फेकून मोकळंही व्हायचं नाही, मग उरतो आपला घाम. ऋषिपंचमीची भाजी वर्षातून एक दिवस तोच अनुभव देते. त्या दिवशी परड्यात मिळेल तेवढंच ताटात येतं, आणि एका माणसाच्या दोन हातांवर पोटाला किती मिळतं ते ताटात दिसतं. फार थोडं मिळतं. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आपण कुणाकुणाच्या खांद्यावर जेवतो, ते त्या थोड्या भाजीवरून कळतं.

आता आमच्या गावात औत धरणारे बैल बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत, नांगरट ट्रॅक्टरने होते. शब्दाला धरून बसलं तर बाजारातली सगळीच भाजी ऋषीची ठरेल. म्हणून मी बैल या शब्दाला चिकटून राहत नाही. माझ्या मते त्या शब्दाचा अर्थ असा की, जो बोलू शकत नाही आणि ज्याला मोबदला मागता येत नाही, त्याच्याकडून आज काही घ्यायचं नाही. या अटीत माझा पालक सगळ्यात आधी बाद होतो. परड्यातला अळू दोन हातांचा आणि पावसाचा. माझ्या जुडीत खाण आहे, धरण आहे, कोळसा आहे, आणि यांतल्या कुणाचंही नाव पाकिटावर छापलेलं नाही. मी तिला शुद्ध म्हटलं ते माती लागली नाही म्हणून. माती लागणं म्हणजे मळणं, हे माझ्या डोक्यात कुठून बसलं होतं कोण जाणे. शेतकऱ्याच्या घरातली सून असून बसलं होतं, याचं मला वाईट वाटतं.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचं चक्र सांगितलं आहे आणि त्यात परत काही न घालता जो नुसतं खातो त्याला चोर म्हटलं आहे. मी काय परत घालू शकते, याचा मग विचार केला. मुळशीचं रान मला परत आणता येत नाही. पोटॅशच्या खाणीपुढे मी कोण? पण दोन गोष्टी माझ्या हातात होत्या.

पहिली पाण्याची. टाकीतलं द्रावण तीन आठवड्यांनी बदलावं लागतं. आधी ते आम्ही ओढ्यात सोडायचो आणि ओढा जातो इंद्रायणीला. ज्या नदीत वारकरी अंघोळ करतात तिच्यात मी माझं उरलेलं नायट्रेट सोडत होते आणि माझ्या वहीत त्याची नोंदसुद्धा नव्हती. २०२३ च्या पावसाळ्यानंतर आम्ही पाइप टाकून ते पाणी परड्यात आणि भाताच्या बांधावरच्या गवताला वळवलं, काढलेली मुळं आणि कोकोपीटच्या वड्या शेणात मिसळून कुजवायला लागलो. पाइपाला साडेनऊ हजार रुपये लागले. परड्यातला अळू त्या वर्षी छत्रीएवढा झाला.

पुढच्या ऋषिपंचमीला आत्याबाई तोच अळू खुडायला लागल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, हा माझ्या टाकीच्या पाण्यावर वाढलाय हो. हा तरी कसा चालतो?" त्या पान उलटं करून कोळी बघत होत्या. म्हणाल्या, "पाणी कुणाचं का असंना, मातीला विचारून वर आलाय तो." आणि पान टोपलीत टाकलं.

दुसरी गोष्ट मजुरीची. माझ्याकडे चार बाया कामाला येतात. रोपं नेटकपात बसवतात, पहाटे काढणी करतात, मे महिन्यात चाळीसच्या वर पारा गेलेल्या शेडमध्ये पॅकिंग करतात. त्यांना मी ४०० रुपये रोज देत होते, गावात तेव्हा चालायचा तेवढाच. बैल, खाण, धरण, माती यांच्यापैकी कुणी माझ्या दारात येऊन मागू शकत नाही. या चौघी रोज सकाळी दारात येत होत्या आणि त्याही मागत नव्हत्या. माझ्या सगळ्या घेणेकऱ्यांत ज्यांचं देणं रोख फेडता येण्यासारखं होतं, त्या याच. त्यांचाच हिशेब मी सगळ्यात शेवटी केला, ही माझी चूक.

गेल्या वर्षीच्या ऋषिपंचमीपासून रोज ४५० केला. जुडीमागची मजुरी ८ ची ९ झाली आणि जुडी २६ ची २७. दोन सोसायट्यांनी माल घेणं बंद केलं, बाकीच्यांनी चालू ठेवलं.